रस्त्याकडच्या खिडकीला डबल काच की आतून दुसरी खिडकी?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यात घोडबंदर रोडला लागून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बेडरूमची पाच बाय चारची खिडकी पश्चिमेला, सरळ रस्त्यावर. जुनी ॲल्युमिनियमची स्लायडिंग, ५ मिमी साधी काच. एक फॅब्रिकेटर म्हणतो सगळं काढा, यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, डबल काचेची बसवू. लंडनमधले नातेवाईकही डबल काचच सुचवतात. दुसरा फॅब्रिकेटर म्हणतो आहे ती राहू द्या, आतून आणखी एक खिडकी लावू. रात्री ट्रकमुळे आईला झोप लागत नाही आणि दुपारी खोली तापते.

आवाजासाठी आतून दुसरी खिडकी लावा. उन्हासाठी मात्र उत्तर वेगळं आहे आणि ते डबल काच हेही नाही. दोन्ही तक्रारी एकाच कामात मिटवायला गेलं की पैसे जातात आणि दोन्ही अर्धवट राहतात, म्हणून आधी आवाजाचं बोलू, मग उन्हाचं.

डबल काच, म्हणजे कोटेशनमध्ये ज्याला डीजीयू लिहितात, ती मुळात थंडीसाठी निघालेली वस्तू आहे. दोन काचा, मध्ये १२ किंवा १६ मिमी कोरडी हवा, कडेने सील. घरातली ऊब बाहेर जाऊ नये हे तिचं काम, आणि ते ती उत्तम करते. साध्या एकेरी काचेतून जितकी उष्णता झिरपते त्याच्या निम्मीच तिच्यातून झिरपते. तुमचे लंडनमधले नातेवाईक तिची शिफारस करतात ती तिथल्या हिवाळ्यामुळे. पण तिथेही जुन्या, संरक्षित इमारतींच्या मूळ खिडक्या बदलायला परवानगी मिळत नाही, तेव्हा लोक आतून दुसरी खिडकीच लावतात, आणि आवाजाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्यांचाच जास्त फायदा होतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे फॅब्रिकेटरशी बोलताना तुमची बाजू पक्की राहील. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. फट जितकी अरुंद तितकी स्प्रिंग कडक. एका ठरावीक कंपनसंख्येला दोन्ही काचा त्या स्प्रिंगवर मिळून हलू लागतात आणि तिथे आवाज अडण्याऐवजी सहज आत येतो. ६ मिमी काच, १२ मिमी हवा, ६ मिमी काच या नेहमीच्या जोडीत ही जागा २०० हर्ट्झच्या आसपास येते. ट्रकच्या आणि बसच्या इंजिनाची घरघर याच पट्ट्यात आणि त्याच्या खाली असते. म्हणजे ज्या आवाजाने तुमच्या आई जाग्या होतात, नेमका त्याच ठिकाणी ही काच कमी पडते. तेच काचेपासून काच १०० मिमी लांब नेली की ती जागा ७० हर्ट्झच्या आसपास खाली सरकते आणि वरचा बहुतेक सगळा रहदारीचा आवाज दोन्ही काचा मिळून अडवतात.

आकड्यांत पाहू. प्रयोगशाळेत एकेरी ६ मिमी काच साधारण ३१ डेसिबल आवाज अडवते. ६-१२-६ ची डबल काच साधारण ३३. काच दुप्पट, खर्च दुपटीहून जास्त आणि फायदा दोन डेसिबल, जो कानाला जाणवतही नाही. आवाज निम्मा झाला असं वाटायला १० डेसिबलचा फरक लागतो. उलट तुमची जुनी ५ मिमी काच, १०० मिमी हवा आणि आतून ६.३८ मिमी लॅमिनेटेड काच (दोन काचा मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेली) हे नीट सीलबंद केलं तर आकडा चाळिशीच्या पुढे जातो. प्रत्यक्ष घरात हे सगळेच आकडे काही डेसिबलने खाली येतात, पण त्यांच्यातलं अंतर राहतं.

विक्रेत्याने आकडा सांगितला की एक गोष्ट जरूर विचारा: हा नुसत्या काचेचा की चौकट-पल्ल्यासकट पूर्ण खिडकीचा? आणि रहदारीसाठीची दुरुस्ती धरून किती? ही दुरुस्ती तांत्रिक कागदावर सीटीआर या नावाने, वजा चिन्ह लावून छापलेली असते आणि बहुतेक काचांना ती तीन ते सहा डेसिबल असते. तीसुद्धा मूळ आकड्यातून वजा करायची. जो हा कागद दाखवत नाही आणि 'साउंडप्रूफ' एवढंच म्हणतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला नेमकं किती हवं? रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ बाहेरची मर्यादा ४५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. हमरस्त्याला लागून हे कागदावरच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शयनगृहात सरासरी ३० आणि एकेक आवाज ४५ च्या वर नको असं म्हटलं आहे. जड ट्रक जाताना रस्त्यालगत ८० डेसिबल सहज होतात. म्हणजे खिडकीने प्रत्यक्षात ३५ तरी अडवायला हवेत. जुनी स्लायडिंग बंद करून जेमतेम २०-२२ अडवते. अडचण काचेत कमी आणि बाकी खिडकीत जास्त आहे.

आता खिडकीपाशी जा आणि जवळून बघा. स्लायडिंगचे दोन पल्ले मध्यभागी जिथे एकमेकांवर येतात, तिथे एक उभी केसाळ पट्टी असते, आपले लोक तिला ब्रश म्हणतात. ती झिजून चपटी झालेली असेल. पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात, रोलरच्या बाजूला, ट्रॅक आणि पल्ला यांच्यामध्ये बोटाचं नख जाईल एवढी जागा दिसेल. खालच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं पाडलेली असतात, ती सरळ बाहेर उघडतात. आणि चौकट जिथे ग्रॅनाइटच्या पट्टीला टेकते तिथलं सिलिकॉन सुटून त्याची साल निघत असेल. पडदा बाजूला करून, पंखा बंद ठेवून, अगरबत्ती पेटवून या चार ठिकाणी धरा. धूर जिथे वळेल तिथून आवाजही येतोय.

फटीचा हिशेब फार निर्दयी असतो. तुमची पाच बाय चारची खिडकी म्हणजे साधारण १.८ चौरस मीटर. तिच्यात ३ मिमी रुंद आणि दोन फूट लांब एवढीच फट राहिली, तर ती एकूण क्षेत्राच्या हजारातला एक भाग होते. पण तेवढ्याने संपूर्ण खिडकी ३० डेसिबलवर अडकते, मग काच तुम्ही कितीही जाड घाला. शंभरातला एक भाग उघडा असेल तर २० वर. म्हणूनच स्लायडिंगच्या चौकटीत डबल काच बसवणं मला पटत नाही. सरकणाऱ्या पल्ल्याला सरकायला जागा लागते आणि ती जागा ब्रशनेच भरावी लागते. बिजागरीवर उघडणारा, हँडल फिरवला की तीन-चार ठिकाणी लॉक होऊन चारी बाजूंनी गॅस्केटवर, म्हणजे रबरी पट्टीवर, दाबून बसणारा पल्ला असेल तरच महागड्या काचेचा उपयोग.

खर्च करण्याआधी एक रात्र प्रयोग करा. सुताराकडून १९ मिमीचा प्लाय खिडकीच्या मापाला कापून आणा, आतून खिडकीवर उभा करा, कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा, त्यावर जुनी गादी टेकवा. रात्री आईच्या पलंगावर पडून ऐका. आता जे ऐकू येतंय ते खिडकीतून येत नाहीये. एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक, बाथरूमच्या वरच्या काचपट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट फॅन, बेडरूमच्या दाराखालून येणारा हॉलच्या खिडकीचा आवाज, यांपैकी काहीतरी असणार. एसीचं भोक तर मला बहुतेक घरांत नुसत्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीखाली रिकामं सापडतं. ते पुट्टीने किंवा सिमेंटने भरायला अर्धा तास लागतो. फोनवरचं डेसिबलचं ॲप अचूक नसतं, पण एकाच जागी, एकाच वेळेला, प्लाय लावून आणि काढून मोजलं तर फरक बऱ्यापैकी खरा दाखवतं. हा फरक म्हणजे नव्या खिडकीकडून तुम्ही साधारण कितीची अपेक्षा धरावी त्याचा अंदाज.

प्रयोगानंतर खोली शांत झाली असेल तर पुढचं काम असं करा.

बाहेरची खिडकी काढू नका. तिचे ब्रश बदला, रोलर बदला, चौकटीभोवतीचं सिलिकॉन खरवडून नवं भरा. ती पूर्ण हवाबंद व्हायची गरज नाही, आणि खालच्या ट्रॅकची भोकं तर मुळीच बुजवू नका. पावसाळ्यात आत आलेलं पाणी तिथूनच जातं. जाळी आणि बाहेरचं ग्रिलही जागच्या जागी राहतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा. सोसायटीलाही बाहेरून काही बदललेलं दिसत नाही, त्यामुळे परवानगीची कटकट सहसा होत नाही. तरी कमिटीला एक पत्र देऊन ठेवा.

आतली खिडकी मात्र शक्य तितकी हवाबंद हवी. बिजागरीची, आत उघडणारी, चारी बाजूंनी ईपीडीएम रबराची गॅस्केट, एकापेक्षा जास्त ठिकाणी लॉक. काच लॅमिनेटेड, किमान ६.३८, पैसे पुरत असतील तर ८.७६ किंवा आवाजासाठीच्या खास मधल्या थराची. बाहेरची ५ मिमी आहे म्हणून आतली ५ घेऊ नका. प्रत्येक जाडीची काच एका ठरावीक कंपनसंख्येला कमजोर पडते, ५ मिमी साधारण २,४०० हर्ट्झला, ६ मिमी २,००० ला. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या तर दोघींची कमजोरी एकाच जागी येते. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घ्या असा आग्रह होईल. ती सुरक्षिततेसाठी चांगली, पण तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा आवाज काडीचाही जास्त अडवत नाही. लॅमिनेटेड फुटली तरी तुकडे चिकटून राहतात, त्यामुळे ती दोन्ही कामं करते.

अंतर हा कळीचा मुद्दा आहे. काचेपासून काच १०० मिमी मागा, आणि टेपने मोजून मागा. फॅब्रिकेटर चौकटीपासून चौकट मोजतो, ते चालणार नाही. तुमच्या इमारतीत भिंत सहा इंची असेल तर तीन ट्रॅकच्या चौकटीनंतर आत दोन-अडीच इंचच जागा उरते. अशा वेळी आतली चौकट भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर पेटीसारखी पुढे काढून बसवावी लागते. दिसायला ती दोन इंच बाहेर येते, पडद्याचा रॉडही पुढे घ्यावा लागतो, पण अंतर वाचवायच्या नादात ५० मिमीच्या खाली गेलात तर या सगळ्या खटाटोपाचा अर्थ उरत नाही. १५० च्या पुढे फायदा हळूहळू कमी होत जातो, तेव्हा त्यासाठी भिंत फोडण्यात अर्थ नाही.

चौकट आणि भिंत यांच्यातली सांद कशाने भरतात याकडे काम चालू असताना उभं राहून लक्ष द्या. पिवळा पीयू फोम मारून वरून पट्टी लावली की दिसायला काम पूर्ण होतं, पण फोम हलका असतो आणि आवाज अडवायला वजन लागतं. मोठी सांद सिमेंट मॉर्टरने भरायची, बारीक राहील ती बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) घालून लवचिक सीलंटने बंद करायची. दोन खिडक्यांच्या मधल्या पोकळीच्या बाजूच्या कडांना आवाज शोषणारं अस्तर लावलं तर आणखी दोन-चार डेसिबल मिळतात. पण आपल्याकडे पावसाळ्यात तिथे ओल येते, म्हणून खालच्या कडेला लावू नका, आणि वर-बाजूला लावताना भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे लावा.

जुलै-ऑगस्टमध्ये एसी चालू असताना आतल्या काचेच्या पोकळीकडच्या बाजूला वाफ धरेल. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत हे होणारच, त्याला दोष समजू नका. म्हणूनच आतली काच कायमची बंद पॅनेल न करता उघडता येणारी हवी, म्हणजे पुसता येते, सुकवता येते. उघडता येणं अजून एका कारणासाठी महत्त्वाचं: आग लागली, तर श्वासासाठी आणि हाक मारण्यासाठी खिडकी आतून एका हाताने उघडली पाहिजे. तुमच्या आईंना ते हँडल फिरवता येतंय का, हे कारखान्यात किंवा शोरूममध्ये त्यांनाच करून बघायला लावा.

डबल काच कधी घ्यावी? घराचं पूर्ण नूतनीकरण काढलं असेल, चौकटी कुजल्या किंवा वाकल्या असतील, किंवा दिवसभर एसी चालणारी खोली असेल तर जरूर घ्या. पण दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या आणि त्यांतली एक लॅमिनेटेड घ्या, उदाहरणार्थ ६ मिमी, १६ मिमी हवा आणि ८.८ ची आवाजासाठीची लॅमिनेटेड. ही जोडी चाळिशीच्या जवळ जाते. मात्र वजन चौरस मीटरला ३५ किलो होतं, तेव्हा बिजागऱ्या तेवढ्या ताकदीच्या आहेत हे लेखी घ्या, नाहीतर वर्षभरात पल्ला खाली बसतो आणि कोपऱ्यात परत फट पडते. डीजीयूची वॉरंटी सील फुटण्यासाठी किती वर्षं आहे तेही विचारा. कडेचं सील गेलं की आत दमट हवा शिरते, स्पेसरमधले, म्हणजे दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीतले, पाणी शोषणारे दाणे भरून जातात आणि दोन काचांच्या मध्ये कायमचं धुकं बसतं. ते पुसता येत नाही, पूर्ण काच बदलावी लागते. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचत राहिलं तर हे लवकर होतं.

आता दुपारच्या उन्हाचं. पश्चिमेच्या उभ्या काचेवर उन्हाळ्यात चारच्या सुमाराला चौरस मीटरला ५००-६०० वॅट ऊन पडतं. तुमच्या खिडकीवर मिळून साधारण एक किलोवॅट. साधी काच त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त आत सोडते, साधी डबल काच सुमारे ७० टक्के. तापमानातल्या फरकाने काचेतून झिरपणारी उष्णता मात्र, बाहेर आतल्यापेक्षा आठ अंश जास्त धरले तर, एकेरी काचेतून ८०-८५ वॅट आणि डबलमधून ४० येते. म्हणजे डबल काच जिथे खरी बचत करते तो भागच आपल्याकडे लहान आहे. मोठा भाग उन्हाचा, आणि ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. ग्रिलच्या आत बांबूची चिक किंवा बाहेरून गुंडाळता येणारा पडदा सोसायटीला चालत असेल तर त्याच्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. नसेल चालत तर बाहेरच्या जुन्या पल्ल्यांतली काच बदलून ऊन परतवणारा थर दिलेली काच घाला. एकेरी वापरायची असल्यामुळे हार्ड कोट प्रकारची मागा. सॉफ्ट कोटचा थर नाजूक असतो, तो डीजीयूच्या आतच टिकतो. असली काच आतल्या खिडकीला लावली तर ऊन पोकळीत शिरलेलं असतं आणि फायदा बराच कमी होतो. जाड पडदा खोलीतला घुमारा कमी करतो, रस्त्याचा आवाज किंवा ऊन फारसं नाही.

शेवटची गोष्ट महत्त्वाची, आणि ती कोणताही विक्रेता आपणहून काढत नाही. खोली हवाबंद केली की ताजी हवा कुठून येणार? स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. दोन माणसं दार लावून रात्रभर झोपली तर पहाटे डोकं जड होतं ते यामुळे. बेडरूमचं दार थोडं उघडं ठेवून, रस्त्याच्या उलट बाजूची, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराकडची किंवा मागच्या खोलीची खिडकी फटीएवढी उघडी ठेवा. आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर आतली खिडकी बसवण्याआधी तो काढून विजेचा बसवा, किंवा गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत न्या. बंदिस्त घरात गॅस गिझरमधून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. याला वास नसतो, खोकला येत नाही, काही कळायच्या आत शुद्ध जाते. बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी आवाज येतो म्हणून बुजवण्याचा विचारही गिझर हलवल्याशिवाय करू नका.

एक अपेक्षा आधीच कमी ठेवा. मिरवणुकीतल्या डीजेचे ढोलासारखे खालचे ठोके कुठलीच घरगुती खिडकी पूर्ण अडवत नाही, ते भिंतीतून आणि स्लॅबमधूनही येतात. ट्रकचा आवाज, हॉर्न, टायरची सळसळ यांत मात्र पहिल्याच रात्री फरक कळला पाहिजे.

कोटेशनमध्ये काचेची पूर्ण जाडी, काचेपासून काचेचं अंतर, गॅस्केटचा प्रकार आणि लॉकची संख्या लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा. काम झालं की वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये धरा, हँडल बंद करा आणि पट्टी ओढा. ती फाटली पाहिजे किंवा घट्ट अडकली पाहिजे. चारी बाजूंनी, वीतभर अंतराने, विशेषतः बिजागरीच्या बाजूला आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत असं करून बघा. जिथे पट्टी सहज सुटून येईल तिथे पेन्सिलने खूण करा आणि मिस्त्री घरात असतानाच बिजागरी आणि लॉकची पट्टी आवळून घ्या.